वाचकांचे प्रश्न : लेझीम आधी दिसतंय, आवाज मागून येतोय

प्रश्न : सर नमस्कार. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या पोरांनी लेझीम खेळली, पुतण्यानं फोनवर शूटिंग केलंय, 70 मिनिटांचं आहे. फाईल लई मोठी म्हणून आधी एका सॉफ्टवेअरमधून 720 बाय 576 करून घेतली आणि मग दुसऱ्यातून डीव्हीडी केली. सुरुवातीला सगळं बरोबर आहे, अर्ध्यात गेल्यावर आवाज 2 सेकंद मागं पडतोय आणि शेवटाला 4 सेकंद. आईला फोनवर बघायला जमत नाही, तिला टीव्हीवरच पाहिजे आणि घरात जुना डीव्हीडी प्लेअर आहे. 3 डीव्हीडी वाया गेल्या. साईझ कमी केल्यामुळंच आवाज बिघडलाय काय? (येळ्ळूर, ता. बेळगाव)

उत्तर : नाही, साईझमुळं नाही. साईझ कमी करताना फक्त चित्र लहान होतं, आवाजाला कुणी हात लावत नाही. पण त्याच वेळी सॉफ्टवेअर अख्खी फाईल नव्यानं बनवतं ना, तिथं फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेमा दाखवायच्या ते) बदलतो आणि घोळ होतो तो तिथं.

तुम्ही सुरुवात, मधे आणि शेवट असं तिन्ही ठिकाणी बघून लिहिलंत हे फार बरं केलंत, निम्मं काम तिथंच झालं. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागं असता तर तो नुसता सरकवून भागलं असतं, अॅव्हिडेमक्स या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओला शिफ्ट द्यायची सोय आहे, मिलिसेकंदात आकडा टाकायचा की झालं. पण तुमचा फरक वाढत चाललाय. 70 मिनिटं म्हणजे 4200 सेकंद, त्यात 4 सेकंद म्हणजे हजारात एक, आणि 30 आणि 29.97 या दोन फ्रेम रेटमधला फरक पण बरोबर तेवढाच आहे. फोन प्रत्येक सेकंदाला मोजून 30 फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला, फोन तापला की कमीजास्त करतो, याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. तुमच्या पहिल्या सॉफ्टवेअरनं सरळ 30 धरून फ्रेमा ओळीनं मांडल्या असणार, त्यामुळं चित्र जरा पळतंय आणि आवाज आपल्या मूळ वेगानं मागून येतोय. खात्री करायची असेल तर मूळ फाईल मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फ्रेम रेट मोडच्या पुढं व्हेरिएबल लिहिलेलं दिसेल.

आता काय करायचं, तर ती लहान केलेली फाईल बाजूला ठेवा आणि परत फोनमधल्या मूळ फाईलपासून सुरुवात करा, हे मी हात जोडून सांगतोय, कारण बिघडलेल्या फाईलवर दुरुस्ती करत बसलं की अजून बिघडतं. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईल घ्या, फ्रेम रेट 25 आणि त्याच्याखाली कॉन्स्टंट निवडा, ऑडिओचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते) 48 किलोहर्ट्झ करा. साईझला हात लावू नका, ती डीव्हीडी बनवणारं डीव्हीडी स्टायलर आपोआप करतं, तिथं फक्त पाल (आपल्याकडची 25 फ्रेमांची टीव्ही पद्धत) आणि 16:9 (रुंद चित्र) एवढं बघा. कमांड टाईप करायची सवय असेल तर एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी दिलं की साईझ, 25 फ्रेम, 48 किलोहर्ट्झ सगळं एकाच फेरीत होतं, मला स्वतःला हाच रस्ता आवडतो, कारण एकदाच कन्व्हर्ट होतं आणि क्लॅरिटी जास्त जात नाही. व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट डेटा ते) 6000 ठेवला तर 70 मिनिटांना साधारण 3.4 जीबी लागतात, 4.7 च्या डिस्कवर आरामात बसतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, 30 चे 25 करताना काही फ्रेमा गळतात, लेझीमसारख्या जलद हालचालीत हलके झटके दिसतील. ते खटकलं तर 720 बाय 480 आणि 29.97 वर, म्हणजे एनटीएससी या अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीत करून बघा, आपल्याकडचे बरेच प्लेअर दोन्ही चालवतात. पण पहिली चाचणी रीरायटेबल (पुसून परत वापरता येणाऱ्या) डिस्कवर घ्या, आणि त्याच्याही आधी तयार झालेला फोल्डर कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून शेवटची 5 मिनिटं बघा. लेझीमचा ठोका आणि आवाज तिथं जुळला तरच डिस्क घाला.

मूळ फाईल डिलीट झाली असेल तर मग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा टेम्पो 0.1 टक्का वाढवायचा. शेवट जुळेल, मधे कुठंतरी थोडं इकडंतिकडं राहील, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

प्रश्न : कॉम्प्युटरवर आवाज येतोय, टीव्हीवर डीव्हीडी लावली की नुसतं चित्र. (निपाणी)

उत्तर : ऑडिओ एएसी नाहीतर एमपी3 या फॉरमॅटमध्ये राहिलाय. डीव्हीडी व्हिडिओमध्ये हे दोन्ही चालत नाहीत, एसी3 या फॉरमॅटमध्ये करा. पीसीएम (न दाबलेला आवाज) पण चालतं, पण त्याला 70 मिनिटांना 800 एमबी जातात. सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओपुढं कॉपी (म्हणजे आवाज आहे तसाच ठेव) असं निवडलेलं असेल तर ते आधी काढा.

प्रश्न : भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग डीव्हीडीवर घेतलं तर सगळे बारीक आवाजात, घाईघाईनं गायल्यासारखे वाटायलेत. (खानापूर)

उत्तर : तुमचा आवाज 44.1 किलोहर्ट्झचा आहे आणि सॉफ्टवेअरनं तो न बदलता 48 म्हणून वाजवलाय. तासाचं भजन 55 मिनिटांत संपतं, आणि काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनच्या पण वर चढतं, म्हणून पेटीवर लावून बघितलं की लगेच कळतं. ऑडॅसिटीत मूळ आवाज उघडा, प्रोजेक्ट रेट 48000 करा आणि नव्यानं एक्स्पोर्ट करून तोच व्हिडिओला जोडा. बुवांचा मूळ सूर परत मिळेल.