ताप उतरल्यावर वीस दिवसांनी वळूचं वीर्य का बिघडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खिलार वळूला १० एप्रिलला सणसणून ताप आला, १२ तारखेला उतरला. १५ तारखेला घेतलेल्या वीर्यात गतिशीलता, म्हणजे हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण, ७० टक्के भरली. २ मे रोजी ती ३० टक्क्यांवर आली आणि कितीतरी शुक्राणूंच्या शेपट्या मुडपलेल्या दिसल्या. वळू तोपर्यंत ठणठणीत, खाणंपिणं व्यवस्थित. मग कोणी म्हणालं तो 'गेला', विकून टाका.

विकू नका. सिमेन प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली आहेत. अशा एकाच रिपोर्टवर एक चांगला वळू बाद झालेला मी पाहिला आहे आणि त्याची हळहळ अजून वाटते. तुमच्या तारखाच सांगतात की नेमकं काय झालं. फक्त शुक्राणू कुठे तयार होतो आणि कुठे पिकतो, या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात.

वळूच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला साधारण ६१ दिवस लागतात. डोकं, शेपटी, आतला डीएनए, सगळं तिथेच होतं. पण वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू पोहू शकत नाही आणि नैसर्गिकरीत्या बीजांड फळवूही शकत नाही. तो तिथून अधिवृषणात जातो. वळूच्या वृषणाला मागच्या बाजूने चिकटलेली जी दोरीसारखी जाड पट्टी हाताला लागते, ते अधिवृषण. खाली टोकाशी मऊ गाठ लागते, ते त्याचं पुच्छ. आत एकच नळी गुंडाळलेली असते. सरळ केली तर वळूत जवळपास ४० मीटर भरेल. माणसात हीच नळी सुमारे ६ मीटरची असते. वळूत हा प्रवास साधारण ८ ते ११ दिवसांचा.

या प्रवासात काय होतं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. शुक्राणूचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्यावरून नवं प्रथिन बनवण्याची सोय उरलेली नसते. म्हणजे जे काही बदलायचं ते बाहेरूनच यायला हवं. नळीचं अस्तर ते काम करतं. वृषणातून आलेलं बहुतेक सगळं पाणी सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे शुक्राणू दाटीने गोळा होतात. मग अस्तरातून सुटलेल्या सूक्ष्म पिशव्या त्यांना प्रथिनं आणि आरएनएचे छोटे तुकडे देतात. शुक्राणूच्या आवरणातली चरबी बदलते. डोक्यात डीएनए बांधून ठेवणाऱ्या प्रोटामिन प्रथिनांमध्ये गंधकाचे दुवे घट्ट होतात, आणि शेपटीचंही तसंच होतं. घडताना मानेपाशी उरलेला पेशीद्रव्याचा थेंब शेपटीवरून खाली सरकतो आणि शेवटी गळून पडतो. म्हणून वीर्यात मानेपाशी थेंब असलेले शुक्राणू खूप दिसले की मी पहिल्यांदा विचारतो: वळू फार कोवळा आहे का, की मध्यंतरी त्याला ताप किंवा उष्णतेचा त्रास झाला होता?

अधिवृषणाच्या शीर्षभागातला, म्हणजे सुरुवातीच्या भागातला, शुक्राणू नुसता थरथरतो, फार तर गोल फिरतो. पुच्छातला सरळ पुढे जाऊ शकतो, पण तिथे त्याला मुद्दाम शांत ठेवलेलं असतं. तिथला द्रव किंचित आम्ल असतो आणि वृषणकोषातलं तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी. असा शांत साठा आठवडा-दोन आठवडे टिकतो.

हे सगळं फक्त वेळ गेल्यामुळे होतं की नळीमुळे, हा वाद जुना आहे. १९३०च्या सुमारास विल्यम यंग या संशोधकाने गिनीपिगमध्ये नळी बांधून प्रयोग केले आणि शुक्राणू वयाने आपोआप पिकतो असं मत मांडलं. १९६०च्या दशकात सशांवर झालेल्या प्रयोगांनी ते खोडलं: वरच्या भागात अडवून ठेवलेले शुक्राणू नुसते म्हातारे होतात, नळीच्या पुढच्या भागाचा सहवास मिळाल्याशिवाय फलनक्षम होत नाहीत. माणसात इक्सी पद्धतीने, जिच्या पहिल्या गर्भधारणा १९९२ मध्ये नोंदल्या गेल्या, वृषणातून काढलेला शुक्राणूही थेट बीजांडात टोचून मूल होऊ शकतं. म्हणजे आतला ऐवज आधीच पूर्ण असतो. अधिवृषण देतं ती बीजांडापर्यंत पोचण्याची आणि त्याला चिकटण्याची ताकद.  

आता तुमच्या तारखा. १५ एप्रिलचं वीर्य म्हणजे ताप येण्याआधीच पुच्छात जमलेला साठा. म्हणून तो चांगला दिसला. तरी त्या दिवशीच्या वीर्याच्या गोठवायच्या कांड्या (बारीक नळ्या) भरल्या असतील तर वितळवून तपासल्याशिवाय वापरू नका. तापात सापडलेला साठा ताजा असताना पोहतो, पण गोठवण सोसत नाही, असं बरेचदा होतं. २ मेला जे आलं ते तापाच्या वेळी वृषणात अर्धवट घडलेले शुक्राणू होते. उष्णतेचा फटका घडणाऱ्या पेशींना सर्वांत जास्त बसतो, आणि नंतर अधिवृषणाचे दहाएक दिवस गेल्यावरच तो बाहेर दिसतो. मे महिन्यात आणखी काही वीर्यं खराब निघतील, त्याने घाबरू नका.

ताप उतरल्यावर अगदी मुळापासून घडलेले शुक्राणू कधी बाहेर येतील? १२ एप्रिलमध्ये घडण्याचे ६१ आणि अधिवृषणाचे १० दिवस मिळवले की २२ जून येतो. तोपर्यंत आठवड्यातून एकदा वीर्य काढत राहा आणि फेकून द्या. वळूला नुसता बसवून ठेवलात तर पुच्छात जुने, मेलेले शुक्राणू साठतील आणि पहिला रिपोर्ट पुन्हा चुकवेल. दुपारी सावली, अंगावर पाणी, गोठ्यात वारा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या, दुसऱ्यावर निर्णय करा. त्याआधी वृषणं दोन्ही हातांनी चाचपून बघा: एक लहान किंवा कडक लागलं, किंवा पुच्छाची गाठ दुखरी असली, तर मात्र हा नुसता ताप नव्हे, डॉक्टरांना लगेच बोलवा आणि ब्रुसेला या वृषणाला रोग करणाऱ्या जिवाणूची रक्ततपासणी करून घ्या.