बरोबरचे कॅप्टन झाले, माझं काय?

लहान विमानांवरचे तरुण वैमानिक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा निमित्त झोपेचं असो, चिडचिडीचं असो की घरातल्या कुरबुरींचं, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत प्रश्न एकच निघतो: कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी मिळणार? त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हा कोल्हापूरकडचा, वय २९, एटीआर या पंख्याच्या लहान प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या उजवीकडे बसणारा सहवैमानिक. वडील साखर कारखान्यातून निवृत्त. पोराच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी जमीन तारण ठेवली होती. बॅचमधला मित्र मोठ्या एअरबस विमानावर कॅप्टन झाला, त्याचा कॅप्टनच्या चार पट्ट्यांच्या गणवेशातला फोटो ग्रुपवर आला आणि याची झोप उडाली. गावी गेला की मामा विचारायचे, "काय रे, अजून उजवीकडंच बसतोस व्हय?" वडील काहीच बोलायचे नाहीत. ते त्याला जास्त लागायचं.

"मॅडम, इथं आल्याचं कळलं तर माझं मेडिकल, उडायचं फिटनेस सर्टिफिकेट, जाईल का?" हा त्याचा पहिला प्रश्न. विमान वाहतुकीचं सरकारी नियामक असलेल्या डीजीसीएने २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्याविषयी सूचना काढल्या, पीअर सपोर्टची, म्हणजे वैमानिकांनीच वैमानिकांना आधार देण्याची, व्यवस्था सुचवली, तरी ही भीती हटलेली नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं: बोलायला येण्यात धोका नाही, झोप न होता कॉकपिटमध्ये बसण्यात आहे. तसा दिवस आला तर ड्यूटी नाकारायची. आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने कधीच घ्यायची नाही, आधी एव्हिएशन मेडिसिनच्या डॉक्टरांना विचारायचं.

मग आम्ही कागद घेतला आणि त्याची नि मित्राची वर्षं शेजारी शेजारी मांडली. दोघांना सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, मिळालं २०१८ च्या अखेरीस. मित्र लगेच नोकरीला लागला. याची मुलाखत लांबली, तेवढ्यात एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले, उड्डाणाचे जेमतेम २०० तास झालेल्या नव्या मुलांना कोण विचारणार? त्यावर कोविड. मार्च २०२० च्या अखेरीपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानंच उडाली नाहीत. याला नोकरी मिळाली २०२२ मध्ये. तीन वर्षांहून जास्त अंतर पहिल्या उड्डाणाआधीच पडलेलं होतं, आणि हा ते इतकी वर्षं स्वतःच्या कुवतीच्या खात्यावर मांडत होता. कागदाकडे बघून तो बराच वेळ गप्प राहिला.

दुसरं अंतर विमानाचं. तासाभराच्या चार फेऱ्या केल्या की दिवस संपतो आणि लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, चार तास पडतात. मोठ्या विमानावर तीन तासांच्या दोन फेऱ्यांत सहा. पण लँडिंग याची दुप्पट, तीही अनेकदा छोट्या धावपट्ट्यांवर, कोकणातल्या पावसात. हा अनुभव कमी प्रतीचा मानायची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही.

खरी गाठ मात्र पुढे होती. कमांडसाठी एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी परीक्षेचे पेपर नि उड्डाणाचे किमान १५०० तास. याचे २१०० झाले होते. "मग लायसन्स?" विचारल्यावर खाली बघत म्हणाला, "दोन पेपर राहिलेत. एअरबसवर जायचंच आहे, तिकडं गेल्यावर देऊ म्हटलं." म्हणजे ज्या दाराबाहेर तो ताटकळत होता, त्याची किल्ली त्याने स्वतःच मागितली नव्हती.

एअरबसवर जावं की थांबावं, हे मी ठरवत नाही. पण किंमत मोजायला लावते. नवी कंपनी म्हणजे सिनिऑरिटीच्या यादीत पुन्हा तळाला, नवं टाइप रेटिंग (त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी), आणि ठराविक वर्षं कंपनीत राहण्याचा बाँड असेल तर तो मोडण्याची रक्कम. नोटिसचा काळ फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. उलट बाजूला, एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी २०२३ मध्येच नोंदवली, त्यामुळे मोठ्या विमानांवर जागा निघत राहणार. माझं मत त्याने विचारलं म्हणून सांगितलं: आधी एटीपीएल, जमल्यास एटीआरवरच कमांड, मग उडी. कॅप्टन म्हणून उडवलेले तास कोणत्याही कंपनीत मोजले जातात. ६५ वर्षांपर्यंत उडता येणार असेल, तर तीन-चार वर्षं उशीर हा उशीरच, पण आयुष्य वाया गेलं असं नाही. "किती वर्षांत?" याला मात्र उत्तर देता येत नाही, कारण कंपनीत सीट कधी रिकामी होईल, कोणत्या बेसवर, म्हणजे कोणत्या शहरात, होईल, हे त्याच्या हाती नाही.

वडिलांशी बोलणं त्याने महिनाभर टाळलं. शेवटी लॉगबुक घेऊनच गेला आणि हप्ते, तास, पेपर सगळं मांडलं. वडिलांना वाटत होतं, पोराला कंपनीने मुद्दाम मागे ठेवलंय आणि विचारलं तर त्याला वाईट वाटेल.

त्यानंतर त्याने दोन्ही पेपर काढले. कमांड अजून नाही, यादीत त्याच्या पुढे काही जण आहेत. झोप बरीच सुधारली आहे, तरी पहाटेच्या ड्यूटीआधीची रात्र अजून जड जाते. सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.