एस्केप म्हणजे पलायन? अजिबात नाही!

राजारामपुरीतून एका विद्यार्थ्याने विचारलंय: "टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, अक्षरांचा रंग बदलायला, कर्सर हलवायला जे एस्केप सिक्वेन्स वापरतात, त्यांना प्रोजेक्टच्या मराठी अहवालात 'पलायन क्रम' म्हणू का? आणि कर्सरला काय म्हणू?"

पलायन क्रम! हे ऐकलं की कुणी कळंब्याच्या तुरुंगाची भिंत चढतंय असं वाटतं. आणि हल्ली हे सारखं कानावर पडतंय. अरे, इथं पळतंय कोण? टर्मिनलकडे येईल ते अक्षर पडद्यावर उमटवायचं, हा नेम. मध्येच २७ क्रमांकाचं एस्केप अक्षर आलं की नेम तेवढ्यापुरता बाजूला. पुढची अक्षरं छापायची नाहीत, हुकूम म्हणून पाळायची. एस्केप, डावा चौकोनी कंस, ३१, छोटा एम: इथून पुढे सगळं लाल. ३१ च्या जागी शून्य दिलं की पूर्ववत. सुटका होते ती अक्षरांची, त्यांच्या रोजच्या अर्थातून. ही कल्पना अमेरिकन संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांची, १९६० च्या सुमाराची. कंसवाली तऱ्हा रुळली ती १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळे.

पण खरी गंमत शब्दातच आहे. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'काप्पा' म्हणजे झगा. पाठलाग करणाऱ्याने झगा धरला, तर झगा त्याच्या हातात ठेवायचा आणि आपण आतून निसटायचं, ते एस्केप! आता आपल्याकडे बघा. आपण हातावर तुरी देऊन निसटतो. तिकडे झगा, इकडे तुरी, पण पकडणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून जायचं, हे दोन्हीकडे. माझं तर ठाम मत आहे की निसटण्याचं मर्म दोन्ही भाषांनी पायांपेक्षा हातात पाहिलं. माझे एक व्याकरणप्रेमी स्नेही म्हणतात, "हा निव्वळ योगायोग, आणि कोशात एस्केपपुढे पलायनच दिलंय." दिलं असेल. कोशातला पहिला अर्थ उचलून खाली ठेवला की परिभाषा झाली, असं त्यांना वाटतं, त्याला मी काय करू? पलायनात नुसती धूम ठोकणं आहे, हातचलाखी कुठाय?

तेव्हा मराठीच हवं असेल तर 'सुटका-संकेत' लिही. नाहीतर सरळ एस्केप सिक्वेन्स लिही, कुणी फाशी देत नाही.

हां, कर्सर राहिलाच. लॅटिनमध्ये कर्सर म्हणजे धावणारा, निरोप्या. आपला जासूदच म्हण ना. कुरियरही त्याच धातूतला. गणिताच्या सरकपट्टीवरच्या सरकत्या काचेला कर्सर म्हणायचे, तिथून तो पडद्यावर आला. अहवालात 'कर्सर'च ठेव. जागा सांगताना मात्र आधी ओळ, मग स्तंभ: एस्केप, कंस, १०, अर्धविराम, ५, मोठा एच, म्हणजे दहाव्या ओळीत पाचवा स्तंभ. पुष्कळ पोरं हे उलटं लिहितात आणि मग टर्मिनललाच शिव्या घालतात. आणि प्रोग्रॅममध्ये कर्सर लपवलास, तर बाहेर पडताना परत दाखव. विसरलास आणि सगळी खिडकीच लालभडक होऊन बसली, तर लिनक्स किंवा मॅकवर इंग्रजीत 'reset' टाइप करून एंटर मार.