कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातली ऑफिसची नोकरी: पगार कमी, पण बेनिफिट्सचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही फ्रीमाँटला आलात, वर्क परमिट हातात आहे, आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसात नोकरी मिळतेय. पगार आयटीतल्या मैत्रिणींच्या निम्म्याहून कमी. सगळे म्हणतात ‘बेनिफिट्स बघ’. त्यात खरंच काही असतं का, आणि ट्रेनिंग, वेलनेस डे वगैरे नुसतं दाखवायला असतं का?

मी साउथ बेमधल्या अशाच एका कॉलेजात फायनान्शियल एडच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करतेय. माझं मत विचाराल तर बेनिफिट्स खरंच मोलाचे आहेत. पण आधी ऑफर लेटर काढा आणि पोस्ट किती टक्क्यांची आहे ते बघा. १०० टक्के आणि वर्षाचे बारा महिने, की ५० टक्के आणि दहा महिने? पुढचं सगळं त्यावरच ठरतं. अर्धवेळ पोस्टला कित्येक डिस्ट्रिक्ट (म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक सरकारी संस्था) हेल्थ इन्शुरन्सचा हप्ताही अर्धाच भरतात किंवा भरतच नाहीत. राज्यात ११६ कॉलेजं आणि ७३ डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकाचा युनियनशी झालेला करार वेगळा. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या ओळखीच्या बाईंना जे मिळतं तेच तुम्हाला मिळेल, असं धरून चालू नका.

आता पेन्शन, कारण खरी कमाई तिथे आहे. ऑफिस स्टाफ कॅलपर्समध्ये, म्हणजे राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेत जातो, प्राध्यापक कॅलस्टर्स या शिक्षकांच्या योजनेत. आठवड्याला सरासरी २० तास किंवा त्याहून जास्त असलेली कायम पोस्ट असेल तर तुम्ही सहसा आपोआप सभासद होता. २०१३ पासून नव्याने आलेल्यांना ‘२ टक्के ॲट ६२’ हा हिशोब लागतो: नोकरीची वर्षं गुणिले २ टक्के गुणिले सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी. समजा तुम्ही पूर्णवेळ १५ वर्षं केलीत आणि ती सरासरी ६०,००० डॉलर आली, तर ६२ व्या वर्षी वर्षाला १८,००० डॉलर, म्हणजे महिन्याला १,५००, हयातभर. पगारातून साधारण ८ टक्के कापले जातात, बाकीचा मोठा वाटा डिस्ट्रिक्ट भरतं. ऑफिस स्टाफचा सोशल सिक्युरिटीचा हप्ताही सहसा कापला जातो, म्हणजे ती केंद्र सरकारची पेन्शन वेगळी मिळते.

यात पाच वर्षांचा टप्पा महत्त्वाचा. पाच वर्षांची सेवा भरली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. त्याआधी सोडलंत तर आपण भरलेले पैसे व्याजासह काढून घेता येतात, डिस्ट्रिक्टचा वाटा हाती येत नाही. तीन-चार वर्षांत भारतात परतायचं मनात असेल तर हे आत्ताच विचारात घ्या.

सिक लीव्हबद्दल इथे फारसं कुणी बोलत नाही. पूर्णवेळ बारा महिन्यांच्या पोस्टला वर्षाला १२ दिवस मिळतात, न वापरलेले पुढे साठत जातात, वाया जात नाहीत. निवृत्तीच्या वेळी साठलेले २५० दिवस म्हणजे पेन्शनच्या हिशोबात आख्खं एक वर्ष.

हेल्थ इन्शुरन्स नवऱ्याकडून आहे असं तुम्ही लिहिलंय. काही डिस्ट्रिक्टमध्ये तुम्ही त्यांचा इन्शुरन्स नाकारलात तर दरमहा काही रक्कम मिळते, तेवढं विचारा. घ्यायचा असेल तर रुजू झाल्यापासून ठराविक दिवसांतच फॉर्म भरावा लागतो. आमच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलीची ती मुदत हुकली आणि तिला पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत येईपर्यंत थांबावं लागलं. ते सगळे महिने ती दोन लहान मुलांसाठी बाहेरच्या महागड्या प्लॅनचे पैसे भरत होती.

ट्रेनिंगचं म्हणाल तर थोडं सक्तीचं असतं: लैंगिक छळ प्रतिबंधाचं दर दोन वर्षांनी, विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचं, बहुतेक ऑनलाइन. ते पटकन उरकतं. खरं शिकायला मिळतं ते फ्लेक्स डेला. सेमिस्टर सुरू होण्याआधी सगळं कॉलेज एकत्र येतं, सकाळी प्रेसिडेंटचं भाषण, मग वेगवेगळी सेशन्स. हा दिवस मुळात प्राध्यापकांसाठी आखलेला, म्हणून काउंटर उघडा ठेवायला ऑफिस स्टाफला मागे ठेवलं जातं. तसं चालवून घेऊ नका. २०१४ च्या कायद्याने प्रोफेशनल डेव्हलपमेंटमध्ये ऑफिस स्टाफलाही धरलेलं आहे. सेशन आधीच निवडा, सुपरवायझरला ई-मेल करा, मैत्रिणीबरोबर काउंटरची पाळी वाटून घ्या. शिवाय कॉलेजचेच कोर्स आहेत: फी युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा अकाउंटिंगचा कोर्स १३८ डॉलरला. कित्येक करारांत अशा युनिटांवर पगारात थोडी भर मिळते. आमच्याकडे काउंटरवरून अ‍ॅनालिस्टच्या पोस्टवर गेलेल्या बायका याच वाटेने गेल्या.

आणि वेलनेस डे. योगा, स्मूदी आणि खुर्चीतला मसाज एवढंच तिथे असतं असं वाटून बरेच जण डेस्कवरून उठत नाहीत. मी मात्र तुम्हाला आवर्जून जायला सांगेन. ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस तिथेच मिळते, रक्तदाब तपासतात. पण खरं काम असतं कोपऱ्यातल्या टेबलांवर. एकावर ४०३-बी आणि ४५७-बीची, म्हणजे पगारातून निवृत्तीसाठी बचत करायच्या खात्यांची माणसं बसतात. ही दोन्ही खाती एकाच वेळी चालवता येतात आणि नोकरी सोडल्यावर ४५७-बीतून लवकर पैसे काढले तरी १० टक्के दंड लागत नाही. दुसऱ्यावर ईएपीची बाई असते. ईएपी म्हणजे काही मोफत, गोपनीय समुपदेशन सत्रं, बहुतेक ठिकाणी घरच्यांनाही. नव्या देशात आल्यावर पहिलं वर्ष किती एकटं जातं ते मी बघितलंय. ही सोय असूनही आपल्या बायका तिचा विचारच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. फोन करा, ऑफिसात कुणाला कळत नाही.

सही करण्याआधी एचआरला चार गोष्टी विचारा: पोस्ट किती टक्क्यांची आणि किती महिन्यांची, इन्शुरन्सचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा, पगाराच्या तक्त्यात तुम्हाला कोणत्या स्टेपवर घेताहेत, आणि भारतातला अनुभव त्यात धरला का. पुण्यातली तुमची कॉलेज ऑफिसातली वर्षं सर्टिफिकेटसह दाखवलीत तर कित्येकदा एक-दोन स्टेप वर मिळतात, पण ते मागावं लागतं आणि रुजू होण्याआधीच मागावं लागतं. उत्तरं फोनवर नको, ई-मेलवर घ्या.