वाचकांचे प्रश्न : गंमत केली की चोरी केली?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलच्या पोरांनी मिळून रात्री रेक्टर सरांची स्कूटर टेरेसवर नेऊन ठेवली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. सर आता पोलिसात देतो म्हणतायत. मुलगा म्हणतो परतच देणार होतो, मग चोरी कसली? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, "परत देणार होतो" यावर फार विसंबू नका. १९५२ च्या मे महिन्यात जोधपूरला हवाई दलाचे दोन शिकाऊ पोरं (त्यातल्या एकाला तर आदल्याच दिवशी काढून टाकलेलं) पहाटे न विचारता हार्वर्ड जातीचं विमान घेऊन उडाले आणि उतरले थेट पाकिस्तानात. म्हणे रस्ता चुकलो! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान सरकार, निकाल १९५७ चा. कोर्टाने सांगितलं की वस्तू कायमची ठेवून घ्यायचा विचार नसला तरी चालतं, बेइमानीने थोड्या वेळापुरती नेली तरी ती चोरीच. शिक्षा तेवढी कमी करून दिली.

आता स्कूटर म्हणजे विमान नाही आणि तुमच्या पोराला त्यातून कमवायचं काहीच नव्हतं, त्यामुळे यात बेइमानी होती हे दाखवणं सरांना जड जाईल असं मला वाटतं. पण सर सकाळी कामाला कसे गेले, रिक्षाला किती पडले, जिन्यात घासून गाडीला ओरखडे आले का, हे पोराला विचारा की. माझ्या लेखी गंमत आणि चोरी यातला फरक इथेच ठरतो, म्हणजे भुर्दंड कुणाला पडला.

अमेरिकेत एमआयटी नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी १९९४ च्या मे मध्ये कॉलेजच्या मोठ्या घुमटावर चक्क पोलिसांची गाडी चढवली होती. पण ती कुणाची पळवलेली नव्हती, जुन्या शेवरोलेचा नुसता पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकून रंगवलेला, आत पुतळा-पोलीस, डोनटचा खोका, आणि काचेवर इथे पार्किंगचं परमिट नाही म्हणून पावती. भारीच!! त्यांचा आपसातला नियम असा की मोडतोड करायची नाही आणि चोरायचं नाही. अर्थात त्याच कॉलेजच्या पोरांनी २००६ मध्ये सामान हलवणारे कामगार बनून, खोटा कागद दाखवून, कॅलटेक या दुसऱ्या कॉलेजची जवळजवळ दोन टनी तोफ कॅलिफोर्नियातून बोस्टनजवळ नेली, तेव्हा तो नियम कुठे गेला होता देव जाणे. कॅलटेकची पोरं जाऊन तोफ परत घेऊन आली आणि तिच्या जागी एक चिमुकली खेळण्यातली तोफ ठेवून आली, हा भाग मला जास्त आवडतो.

तर मुलाला आजच्या आज सरांकडे पाठवा, एकट्याला नको, सगळ्यांना. खर्च भरून द्यायचा आणि गाडी स्वतः गॅरेजला न्यायची. "सर, मजा केली हो" एवढंच म्हणून येऊ नका म्हणावं.

प्रश्न : सोसायटीत दारावरची दुधाची पिशवी अधूनमधून गायब होते. समोरच्यांच्या मुलावर संशय आहे. पोलिसात जाऊ का? – डोंबिवली

उत्तर : जाऊ शकता, पण पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतील आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पुढे तपास नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्या कलम ३०३ मध्ये अशीही सोय आहे की पहिल्यांदाच दोषी ठरला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा. दुधाच्या पिशवीपायी एवढं कुठे करत बसता, दूधवाल्याला सांगा बेल वाजवून हातात दे. आणि नुसत्या संशयावर ग्रुपवर त्या मुलाचं नाव टाकू नका, उलट तुमच्यावरच बदनामीचं येईल.

प्रश्न : शिमग्याला गल्लीतली पोरं लाकडं पळवतात ते ठीक, पण यंदा माझा अंगणातला सागवानी बाक होळीत गेला. सण आहे म्हणून सगळे हसतायत. – चिपळूण

उत्तर : सुकी फाटी, गोवऱ्या, मोडकी खुर्ची इथवर सगळेच कानाडोळा करतात, आपणही लहानपणी केलंय. सागवानी बाक नाही हो त्यात बसत, तो तर जळला, परत कुठून आणणार? गल्लीतल्या मोठ्या माणसांना घेऊन पोरांच्या घरी जा आणि पैसे मागा. देत नसतील तर पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून वळते करून घ्या.