फासळ्या बरोबर, मग हल ओबडधोबड का?

प्रश्न : मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटची (शिडाच्या युद्धनौकेची) 1:64 प्रमाणातली लाकडी प्रतिकृती करतो आहे. जुन्या आराखड्याचं चित्र डेल्फ्टशिप या जहाजाचा आकार काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे लावलं आणि प्रत्येक छेदाच्या (म्हणजे फासळीच्या) रेषेवर बिंदू बसवत गेलो. एकेक छेद तंतोतंत जुळतो, पण हल, म्हणजे जहाजाचं धड, फिरवून पाहिला की नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, खळगे दिसतात. आणखी बिंदू टाकले, तर जास्तच बिघडलं. प्लायवूड कापण्याआधी काय दुरुस्त करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्रिंकोमाली निवडलीत, फार आनंद झाला. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं हे सागवानी जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. तिचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज 1812 मध्ये अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गेलं, म्हणून ते पुन्हा पाठवावे लागले. अशा जहाजाच्या नाळेवर खळगा राहू देऊ नका.

चूक आहे ती बिंदू रेषेवर बसवण्याच्या हट्टात. डेल्फ्टशिपमधले नियंत्रण बिंदू पृष्ठभागावर नसतात. ते बाहेर राहून पृष्ठभागाला आपल्याकडे ओढतात. बिंदू रेषेवर ठेवला की पृष्ठभाग आत राहतो, म्हणून तुम्ही शेजारी आणखी एक टाकता, आणि प्रत्येक बिंदू आपली वेगळी ओढ लावतो. ही फाइल बाजूला ठेवा. लांबीत दहा-बारा आणि उंचीत सहा-सात बिंदूंनी नव्याने सुरुवात करा. खरोखर अडेल तिथेच एखादा वाढवा.

मी मोल्ड लॉफ्टमध्ये, म्हणजे गोदीतल्या रेषा आखायच्या दालनात होतो तेव्हा आम्ही जमिनीवर जहाजाच्या खऱ्या मापात रेषा काढायचो. लांब, लवचिक लाकडी पट्टी आणि तिला जागेवर धरायला शिशाची वजनं. एखाद्या मापावर पट्टी वाकडी व्हायला लागली, की वरिष्ठ तिथलं वजन उचलायला लावायचे. पट्टी सुटायची, आपली वाट घ्यायची, आणि मग आम्ही माप सरकवायचो. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून पट्टीच्या टोकाकडून पाहिलं की हातभर लांबीतली बारीक लाटसुद्धा दिसायची. तुमच्याकडे हेच काम सॉफ्टवेअरमधला वक्रतेचा आलेख आणि झेब्रा पट्टे (पृष्ठभागावर दिसणारे काळे-पांढरे पट्टे) करतात. पट्टे नाळेपासून पिछाडीपर्यंत न तुटता वाहिले पाहिजेत. आणि फक्त उभे छेद पाहू नका. खळगा पाण्याच्या पातळीला समांतर अशा आडव्या छेदांत आधी सापडतो.

छेद आराखड्यापासून अर्धा मिलिमीटर हलला तर हलू द्या. मूळ आराखडे बहुधा 1:48 प्रमाणात काढलेले असत. त्यावर शाईची रेषा अर्धा मिलिमीटर जाड असली, तर प्रत्यक्षात ते 24 मिलिमीटर होतात. शिवाय जुना कागद लांबीत आणि रुंदीत सारखा आक्रसत नाही. म्हणून चित्राचं माप दोन्ही दिशांनी वेगवेगळं जुळवा. या जहाजाची रुंदी सुमारे 40 फूट, म्हणजे तुमच्या प्रतिकृतीत साधारण 190 मिलिमीटर यायला हवी.

आता फळ्यांची जाडी. ब्रिटिश नौदलाच्या आराखड्यांतल्या रेषा सहसा फासळीच्या बाहेरच्या कडेच्या असतात, फळी त्यावर चढते. तुमच्या चित्रात तसं असेल तर काही वजा करू नका. रेषा फळीच्या बाहेरची असेल तर जाडी वजा करा, पण ती पृष्ठभागाला काटकोनात मोजून. मधल्या फासळ्यांत 1.5 मिलिमीटर फळीसाठी 1.5 पुरतात. नाळेजवळ पृष्ठभाग फासळीच्या प्रतलाला 45 अंशांनी तिरका जातो, तिथे फासळीवर 2.1 मिलिमीटर कमी करावे लागतात. छेद सगळीकडे सारखाच आत घेतला, तर फळ्या चढल्यावर नाळ फुगते. नाळेकडच्या फासळ्यांची मोठी कड धरून कापा, उतार नंतर सँडपेपरने द्या.

छपाईत ‘फिट टू पेज’ बंद ठेवा आणि कोपऱ्यात 100 मिलिमीटरचा चौकोन काढून पट्टीने मोजा. मग नाळेकडच्या पहिल्या पाच फासळ्या पुठ्ठ्याच्या कापून कण्यावर उभ्या करा, उतारापुरत्या घासा आणि लाकडाची बारीक पट्टी त्यांच्यावरून वाकवा. खिडकीच्या उजेडासमोर धरा. पट्टीखालून एखाद्या फासळीवर उजेड दिसला, तर तिथलं माप फाइलमध्ये सुधारा आणि तेवढी फासळी पुन्हा कापा.