बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवस

ताई, गणपती उरकले की वकील गाठते, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. तोवर तुमचा दावा संपलेला असेल. तुमचं कुरिअरचं बुकिंग 12 फेब्रुवारीचं. आज 22 जुलै, म्हणजे 160 वा दिवस. 11 ऑगस्टला 180 दिवस भरतात. त्याआधी कुरिअर कंपनीच्या हातात लेखी नोटीस पडली नाही, तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकायला न्यायालय बांधील नाही. त्यामुळे बाकीचे प्रश्न मागे ठेवते आणि आधी हे सांगते.

संगमनेर भागातून बंगळूरच्या साबण बनवणाऱ्याला तुम्ही तीन खोकी पाठवली. स्वतःच्या शेतातल्या जिरेनियमचं तेल, शिवाय विकत घेतलेलं नीलगिरीचं आणि संत्र्याच्या सालीचं. बिल 1,86,000 रुपयांचं, भाडं 2,400. वाटेत एक खोकं गळलं, दोन कंपनीने गोडाऊनमध्ये अडकवून ठेवली, आणि 24 एप्रिलच्या मेलने भरपाई नाकारून उलट तुमच्याकडेच दुसऱ्यांच्या मालाच्या नुकसानीचे पैसे मागितले. तुम्ही सहा महिने त्या मेलपासून मोजताय, म्हणून तुम्हाला ऑक्टोबर दिसतोय.

कॅरेज बाय रोड ॲक्ट, 2007 चं कलम 16 नकाराची तारीख बघत नाही, माल गळल्याचीही बघत नाही. माल पाठवणाऱ्याने बुकिंग केलं त्या दिवसापासून 180 दिवसांत, आणि दावा लावण्याच्या आधी, लेखी नोटीस बजावलेली हवी. कुरिअरला हा कायदा लागूच नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. कॉमन कॅरियरच्या, म्हणजे भाडं घेऊन कुणाचाही माल नेणाऱ्याच्या, व्याख्येत घरपोच माल नेणारी कुरिअर एजन्सी स्पष्ट शब्दांत आहे. सरकार तेवढं वगळलंय, म्हणून टपाल खात्याचा हिशेब वेगळा.

आणि ग्राहक आयोगात गेलं की ही अट टळते, हाही गैरसमज. जुना 1865 चा कायदा होता तेव्हाच सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक तक्रारीलासुद्धा ही नोटीस सक्तीची धरली होती. माझ्याकडे एक गृहस्थ कापडाच्या भिजलेल्या गाठींचे फोटो, बिलं, सगळं नीट फायलीत लावून आले होते. नोटीस गेली होती 191 व्या दिवशी. अकरा दिवसांसाठी मला त्यांना परत पाठवावं लागलं, आणि ते मला अजून टोचतं. आपल्याकडे खटले वर्षानुवर्षं पडून राहतात, म्हणून लोकांना वाटतं कायद्याला कसलीच घाई नसते. सुनावणीची तारीख पुढे ढकलायचा अधिकार न्यायाधीशांना असतो. पण नोटिशीची ही मुदत वाढवून घेता येईल या भरवशावर तुम्ही एक दिवससुद्धा काढू नका.

तुम्ही मार्चमध्ये कंपनीला व्हॉट्सॲपवर ‘माल कुठे आहे, लवकर द्या’ असं लिहिलं होतं. ती चौकशी झाली. नुकसान काय झालं आणि किती, हे त्यात नाही. कदाचित एखादा वकील तीच नोटीस म्हणून मांडेलही, पण वीस दिवस हातात असताना तसल्या युक्तिवादावर कशाला विसंबायचं?

तेव्हा याच आठवड्यात नोटीस काढा. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि जिथे बुकिंग केलं त्या शाखेला, दोन्हीकडे स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. तीच मेलवरही. पाठवल्याची तारीख पुरेशी आहे असं धरू नका, 11 तारखेच्या आत ती तिकडे पोचलेली हवी. बिल्टीचा, म्हणजे बुकिंगच्या पावतीचा, नंबर, बुकिंगची तारीख, कोणता माल किती लिटर, कोणता गेला, कोणता अडकलाय, रक्कम, आणि कलम 16 चा उल्लेख. एवढं पुरे. मनस्ताप, अपमान, काउंटरवरचा उद्धटपणा यातलं काही त्यात घालू नका.

आता त्यातली दुखरी जागा. माल कोणता, हे नोटिशीत खरं लिहावं लागेल, आणि बिल्टीवर तुम्ही ते लिहिलेलं नाही. तिथे ‘हर्बल प्रॉडक्ट’ आहे, किमतीचा रकाना कोरा आहे आणि खाली तुमची सही आहे. काउंटरवरच्या मुलानेच तसं लिहायला सांगितलं, हे मी मान्य करते. तसं सर्रास चालतं. पण सही त्याची नाही. एवढ्या किमतीचं तेल देताना तुम्ही तो कागद दोन मिनिटं वाचला नाहीत, याचा मला खरंच राग आला. गुड्स फॉरवर्डिंग नोट, म्हणजे माल देताना पाठवणाऱ्याने भरून दिलेला कागद, त्यातल्या तपशिलांच्या खरेपणाची जबाबदारी कायद्याने पाठवणाऱ्यावर टाकलीय, आणि चुकीच्या तपशिलामुळे कॅरियरचं नुकसान झालं तर ते भरून देण्याचीही.

कोऱ्या रकान्याची किंमत तर सरळ आकड्यात सांगता येते. 2011 च्या नियमांप्रमाणे जादा जोखमीचा दर भरून जास्त किंमत नोंदवली नसेल, तर कॅरियरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. तुमच्या बाबतीत 24,000 रुपये. कंपनीच्या किंवा तिच्या माणसांच्या गुन्हेगारी कृत्यामुळे नुकसान झालं असेल तर वेगळा विचार होऊ शकतो, पण तुम्ही सांगितलेल्या हकिगतीत तसं काही मला दिसत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं मात्र तुमच्यावर नाही, ही बाजू भक्कम आहे.

कंपनीने पाठवलेला फोटो मी पाहिला. कॅनभोवतीचा थर्माकोल विरघळलाय आणि त्यावरून तुम्ही ‘ॲसिडसारखं रसायन’ पाठवल्याचा आरोप आहे. तो खोटा आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनिन असतं, आणि ते थर्माकोल विरघळवतं. संत्र्याची साल फुग्यावर पिळली की फुगा फुटतो, ते याचमुळे. पण या तेलाला थर्माकोलची गादी करायची नसते, हे तेलाच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं, असं समोरचा वकील म्हणेल आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

पुरवठादाराकडून दोन्ही विकतच्या तेलांची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांचा माहितीपत्रक, आजच मागवा. तिच्या नवव्या भागात फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, असतो, चौदाव्यात वाहतुकीची माहिती. 60 अंश सेल्सिअसपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेलं द्रव आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वर्ग 3 मध्ये, म्हणजे ज्वलनशील द्रवांत मोडतं. नीलगिरी आणि संत्रं दोन्ही पन्नाशीच्या आसपासची, तेव्हा ती त्यात येतात. जिरेनियमचा फ्लॅश पॉइंट सहसा 60 च्या वर असतो. तो तुमच्या तेलाचा किती, हे प्रयोगशाळेकडून लेखी घ्या, कारण अडकलेल्या दोन खोक्यांत जिरेनियमच आहे आणि ‘तो माल तरी सोडा’ म्हणायला तो कागद लागेल. तो माल बेवारस ठरवून विकल्याची काही सूचना बंगळूरच्या ग्राहकाला आली होती का, तेही विचारून घ्या.

तुमच्या बिल्टीवर ‘सरफेस’, म्हणजे रस्त्याने, असं आहे, हे तुमचं नशीब. तोच माल ‘हर्बल प्रॉडक्ट’ म्हणून विमानाने गेला असता तर प्रश्न भरपाईचा राहिला नसता. विमानातून धोकादायक माल नेण्याचे स्वतंत्र नियम आहेत, आणि 2020 च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा 10 लाखांवरून 1 कोटीवर नेली. 1934 चा मूळ कायदा जाऊन आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आलाय, पण ढिलाई कुठेही आलेली नाही. ‘एक्स्प्रेस’वर खूण केली की माल विमानात चढू शकतो. विमानात पेटलेल्या मालापासून पळायला कुणाला जागा नसते, एवढं डोळ्यांपुढे ठेवा.

कंपनीने जे हमीपत्र पाठवलंय त्यावर सही करू नका. दुसऱ्यांच्या मालाचं नुकसान तुमच्या तेलामुळेच झालं, आणि तेवढ्या रकमेचं झालं, हे त्यांना दाखवावं लागेल. त्यात तुम्ही पूर्ण सुटाल असं मी म्हणत नाही. साबणवाल्याने पुढची ऑर्डर रद्द केली, तिचं नुकसान कलम 16 च्या कक्षेबाहेर राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ही नोटीस माल हरवण्या-बिघडण्याच्या दाव्यापुरतीच लागते असं म्हटलंय. पण तो तोटा सिद्ध करणं अवघड, मी त्यावर आशा बांधणार नाही.

जायचं कुठे? दिवाणी दाव्याला तीन वर्षं आहेत, ग्राहक तक्रारीला दोन. बिल्टीमागे ‘फक्त दिल्ली न्यायकक्षा’ असं छापलंय त्याने घाबरू नका, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे अहिल्यानगरला, तक्रार करता येते. तुमचा धंदा स्वयंरोजगाराचा आहे की व्यापारी, यावर तुम्ही ‘ग्राहक’ ठरता की नाही हे अवलंबून, म्हणून कंपनी त्यावर वाद घालेल; मजूर किती, उलाढाल किती, ते बघून ठरवू. त्याला वेळ आहे.

नोटिशीचा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठवा. सोबत बिल्टीच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो; तुम्ही मला पाठवलाय त्यात मागची बाजू नाही.